खुर्द्याची गणती : युद्धांतील मृतांचे आंकडे वाचतांना

कारंजा (जिल्हा वाशीम) येथील १६७० च्या लुटीचा प्रसंग इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. त्या सालच्या आक्टोबरांत सुरत दुसऱ्यांदा लुटल्यावर वर्षअखेरीस शिवाजीमहाराजांची फौज वऱ्हाडांत उतरली आणि कारंजासारखी धनाढ्य पेठ तिच्या हातीं लागली. जदुनाथ सरकार यांनीं आपल्या शिवचरित्रांत या लुटीचे दोन आंकडे दिले आहेत. मालाची किंमत एक कोट रुपये. आणि तो वाहून नेणारीं जनावरें, बैल व गाढवें मिळून, चार हजार. हे आंकडे तेव्हांपासून पुस्तकांतून पुस्तकांत उतरत आले आहेत. त्यांचा पडताळा पाहण्याचा एक साधा मार्ग आहे, तो प्रथम सांगतों.

रुपया अजमासें तोळाभर वजनाचा धरावा. ऐशीं तोळ्यांचा शेर व चाळीस शेरांचा मण या मानानें मणभर वजनांत ३,२०० रुपये बसतात. तेव्हां एक कोट रुपये, सर्व रोख चांदीचे असले तरी, ३,१२५ मण भरतील. बैलाच्या पाठीवर तीन मण ओझें धरल्यास त्यांस साडेदहाशेंच्या आसपास बैल पुरतात. लुटींत कापडाचा भरणा मोठा होता, व कापड किंमतीच्या मानानें अवजड असतें. म्हणून बाकीचीं जनावरें त्याकडे लागलीं असें मानण्यास अडचण नाहीं. सारांश, दोन्ही आंकडे एकमेकांस खोटें पाडीत नाहींत.

परंतु येथेंच थांबून एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आंकडा “अशक्य नाहीं” असें ठरणें निराळें आणि तो “खरा आहे” असें ठरणें निराळें. ज्यानें जनावरांचा अजमास बांधला त्यानेंच किंमतीचाही बांधला असेल, तर दोन आंकडे हे दोन साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराचीं तीं दोन वाक्यें होत. मालाच्या बाबतींत ही चूक क्षम्य आहे. पण बखरींत, अखबारांत, कंपनी सरकारच्या खलित्यांत व अलीकडील वर्तमानपत्रांत लढाईंत मेलेल्या माणसांचे जे आंकडे येतात, त्यांच्या बाबतींत हीच चूक आपण नित्य करतों. आणि तेथें चुकलेला प्रत्येक एकम हा कोणा एका घरचा मनुष्य असतो. तो आंकडा कसा वाचावा, इतकेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

१

अशा कोणत्याही आंकड्यास चार प्रश्न विचारावे. हा कोणीं मोजला? काय मोजलें? केव्हां मोजलें? आणि कशाच्या मानानें सांगितला? यांपैकीं दुसरा प्रश्न जुन्या कागदांच्या अभ्यासकास सर्वांत अधिक छळतो, कारण तो शब्दांचा प्रश्न आहे.

मोडी पत्रांत “इतके कामास आले” असें असल्यास ते रणांत पडले हें स्पष्ट आहे. “जखमी” हाही शब्द स्पष्ट आहे. पण “जाया” या शब्दाचा मूळ अर्थ वाया गेलेला, निकामी झालेला असा आहे. तो मेलेल्यासही लागतो व निरुपयोगी झालेल्यासही लागतो. “जायाजखमी” असा जोडशब्द आला म्हणजे त्यांतील किती मेले व किती वांचले हें पत्रावरून कळत नाहीं. “पाडाव” शब्दाचें तर अर्थांतरच झालें आहे. आज त्याचा अर्थ पराभव असा आपण करतों. जुन्या पत्रांत “पाडाव झाले” म्हणजे शत्रूच्या हातीं जिवंत सांपडले. हें न ओळखतां नकल करणारा कैद्यांस मृतांत ढकलतो. तीच गोष्ट “घोडा” शब्दाची. “पांचशें घोडा” म्हणजे पांचशें स्वार, हा फौजेच्या गणतीचा प्रघात. परंतु “पन्नास घोडा पडला” असें आलें म्हणजे जनावरें पडलीं कीं स्वार पडले, हें मागचापुढचा मजकूर पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं.

इंग्रजींतही असाच एक शब्द आहे. त्यांच्या लष्करी कागदांत ‘कॅज्युअल्टी’ म्हणजे लढण्यास नालायक झालेला प्रत्येक इसम. ठार, जखमी, बेपत्ता व कैदी हे सर्व त्यांत येतात. या शब्दास मराठींत एक निश्चित प्रतिशब्द नाहीं. “हताहत” हा त्यांतल्या त्यांत बरा, कारण त्यांत हत व आहत दोन्ही आहेत. पण घाईच्या बातमींत त्याच्या जागीं “बळी” किंवा “प्राणहानि” शब्द येतो आणि एका ओळींत जखमी मनुष्यें मरून जातात. पहिल्या महायुद्धांत कूत-अल-अमारा येथें वेढ्यांत सांपडलेल्या फौजेची सुटका करण्याच्या खटपटींत इंग्रजांच्या बाजूचे सुमारे २३,००० हताहत झाले. हा आंकडा पुष्कळ ठिकाणीं “२३,००० ठार” असा वाचावयास मिळतो. आंकडा बदललेला नाहीं. एक शब्द बदलला, व त्यानें हजारों जखमी स्मशानांत पोंचविले.

२

मोजणारा कोण, या प्रश्नाचें उत्तम उदाहरण पानिपतचें आहे. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईची हकीकत सांगणारा काशीराज हा शुजाउद्दौल्याच्या पदरचा मनुष्य होता व तो प्रत्यक्ष शत्रूच्या गोटांत हजर होता. त्याची फारसी हकीकत १७८० च्या सुमारास लिहिलेली असून तिचें इंग्रजी भाषांतर जेम्स ब्राऊन यानें केलें व तें कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेंत छापलें गेलें. मराठ्यांची फौज तो ५५,००० स्वार व १५,००० पायदळ सांगतो. पुढें मृतांविषयीं त्याचे दोन आंकडे आहेत, व त्या दोहोंची जात अगदीं भिन्न आहे.

पहिला आंकडा असा कीं, लढाईच्या दुसऱ्या दिवशीं रणभूमि पाहण्यास गेलेल्यांनीं प्रेतांचे ३२ ढीग मोजले. कोणत्या ढिगांत पांचशें, कोणत्यांत हजार, चार ढिगांत दीड हजारांवर. मिळून सुमारें २८,०००. छावणीभोंवतालच्या खंदकांतील प्रेतें तो याहून वेगळीं सांगतो. ही कच्ची कां होईना, पण गणती आहे. तिला जागा आहे, दिवस आहे आणि रीत आहे. दुसरा आंकडा असा कीं, मराठ्यांच्या छावणींत बायकापोरांसुद्धां पांच लक्ष माणसें होतीं असें म्हणत, व त्यांतील बहुतेक मेलीं किंवा धरलीं गेलीं. येथें “म्हणत” हा शब्द महत्त्वाचा आहे. काशीराज स्वतः हा आंकडा ऐकीव म्हणून देतो. मागाहून लिहिणारांनीं तो शब्द गाळला आणि ऐकीव गोष्ट गणतीच्या पंक्तीस बसविली.

पांच लक्षांच्या आंकड्यास कारंजाच्या लुटीस लावली तीच कसोटी लावून पाहावी. माणशीं नुसतें अर्धा शेर धान्य धरलें तरी रोज अडीच लक्ष शेर, म्हणजे ६,२५० मण लागेल. तीन मणी ओझ्याचे दोन हजारांहून अधिक बैल रोज छावणींत यावयास पाहिजेत. घोड्यांचा व बैलांचा दाणा निराळाच. नोव्हेंबर १७६० पासून सुमारें अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर तळ देऊन होत्या व उत्तरोत्तर मराठ्यांची रसद तुटत गेली होती. छावणींत शेवटीं उपासमार झाली हें सर्वमान्य आहे. पण पांच लक्षांचा जमाव इतके दिवस तग धरता ना. तेव्हां हा आंकडा अशक्याच्या कोटींत जातो. बुणगे, बाजारकरी व यात्रेकरू फार मोठ्या संख्येनें होते, यापलीकडे त्या वाक्यावरून कांहीं निघत नाहीं.

मग पानिपतावर मराठे किती मेले? २८,००० हा आंकडा रणभूमीवरील ढिगांचा आहे. पाठलागांत मारले गेलेले, दुसरे दिवशीं कत्तल झालेले कैदी, वाटेंत भुकेनें व थंडीनें मेलेले यांचा त्यांत सर्वस्वी समावेश नाहीं. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनीं लढवय्ये व इतर मिळून, लढाईंत व तिच्यामागून, एक लक्षाहून कमी मराठी माणसें मेलीं नसावींत असा अंदाज दिला. हे दोन आंकडे परस्परविरोधी नाहींत. ते दोन निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत. त्यांची सरासरी काढणारा किंवा बेरीज करणारा मात्र दोहोंचाही घात करतो.

केव्हां मोजलें, हा प्रश्न येथेंच उलगडतो. विश्वासराव व भाऊसाहेब रणांत पडले. समशेर बहादूर जखमी स्थितींत निसटून डीगेस पोंचला व तेथें वारला. अंताजी माणकेश्वर पळ काढीत असतां फरुखनगराकडे मारला गेला. जनकोजी शिंदे व इब्राहीमखान गारदी जिवंत धरले गेले व मागाहून त्यांस मारण्यांत आलें. चौदा तारखेच्या सायंकाळीं गणती केली तर या सहांपैकीं शेवटचे तीन व समशेर बहादूर मृतांत येणार नाहींत. महिन्यानें केली तर सारे येतील. ज्यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत त्यांच्याविषयीं जर इतका फरक पडतो, तर ज्यांचीं नांवें कोणीं लिहिलींच नाहींत त्यांच्याविषयीं किती पडत असेल?

३

आतां चौथा प्रश्न, कशाच्या मानानें. आपल्या वऱ्हाडच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या असई (जिल्हा जालना) येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्ली यानें शिंदे व भोसले यांच्या फौजेशीं लढाई दिली. इंग्रजांची स्वतःची यादी व्यवस्थित आहे : ठार ४२८, जखमी १,१३८, बेपत्ता १८, एकूण १,५८४. हल्ल्यांत उतरलेली कंपनीची फौज सुमारें साडेचार हजार होती. त्यावरून “एक तृतीयांशाहून अधिक फौज कापली गेली” असें वाक्य सहज लिहिलें जातें. पण ठार झालेले ४२८ म्हणजे दहांत एकाहूनही थोडे कमी. कापली गेली म्हणण्यास आधार नाहीं. हताहत झाली म्हणावयास आहे.

उलट बाजूची चूकही संभवते. वेलस्लीबरोबर म्हैसूरचे व पेशव्यांच्या पक्षाचे स्वार होते. ते धरून त्याची एकंदर फौज साडेनऊ हजारांच्या घरांत जाते. १,५८४ हा आंकडा या मोठ्या संख्येवर पसरला म्हणजे नुकसानी सहाव्या हिश्शावर येते व लढाई सोपी दिसूं लागते. पण हे स्वार नदीच्या पलीकडे मराठ्यांच्या घोडदळावर नजर ठेवण्यास राहिले होते. तोफांच्या तोंडीं ते गेले नाहींत. अंश व छेद एकाच जमावाचे असले पाहिजेत, हा अपूर्णांकाचा पहिला नियम इतिहासासही लागू आहे. खुद्द साडेचार हजारांतही नुकसान सारखें वांटलें गेलें नव्हतें. ७४ वी गोरी पलटण असईच्या गांवाकडे भलतीच पुढें गेली व तिची चाळण झाली. तिच्यावरून साऱ्या फौजेचें अनुमान करणें जितकें चुकीचें, तितकेंच साऱ्या फौजेच्या सरासरीवरून तिच्या हालांचें अनुमान करणें चुकीचें.

मराठ्यांकडील नुकसान इंग्रजी लेखांत कसें येतें तें पाहावें. रणांगणावर १,२०० मेलेले आणि जखमी इतस्ततः विखुरलेले, असा मूळचा अजमास. पुढें तो वाढत वाढत ठार व जखमी मिळून सहा हजारांपर्यंत नेलेला आढळतो. हस्तगत तोफांचा आंकडा मात्र ९८ असा एकेरी अंकापर्यंत सांगितला आहे. यांत कपट शोधण्याचें कारण नाहीं. तोफ पळून जात नाहीं व ती मोजणाऱ्याच्या ताब्यांत असते. पण जेथें स्वतःचे लोक १,५८४ असे शेवटच्या मनुष्यापर्यंत मोजले आहेत व शत्रूचे लोक शून्यांत संपणाऱ्या पूर्णांकांत सांगितले आहेत, तेथें एक आंकडा हजेरीपटावरून व दुसरा नजरेवरून आलेला आहे, हें वाचकानें ओळखावें. दोहोंस एका रकान्यांत समोरासमोर छापलें कीं दोहोंचें वजन सारखें वाटूं लागतें. युद्धाच्या बातम्यांतील फसगत बहुधा खोट्या आंकड्यानें होत नाहीं. ती अशा रकान्यानें होते.

मृतांच्या संख्येवरून लढाईचें महत्त्व ठरविण्याची संवयही सोडावी. खर्ड्यास, ११ मार्च १७९५ रोजीं, एकट्या मराठ्यांचा जमाव ग्रांट डफ १,३०,००० वर सांगतो. त्या मानानें प्रत्यक्ष हत्यारानें मेलेले अगदींच थोडे होते. तरी त्या दिवसानें निजामास मोठा मुलूख व रक्कम कबूल करावयास लाविली. याच्या उलट उदाहरण वाशीमचेंच आहे. १७६९ च्या आरंभीं माधवराव पेशव्यांची फौज वाशीम-कारंजाच्या वाटेनें जानोजी भोसल्यांवर चालून गेली. जानोजीनें मैदानी लढाई टाळली. दोन्ही बाजूंनीं एकमेकांचे मुलूख लुटले व मार्चांत कनकापूरचा तह झाला. मोठी लढाई नाहीं, म्हणून मृतांची यादी नाहीं. पण ज्या गांवांवरून दोन फौजा गेल्या, त्यांच्या बी-बियाण्याचें व गुराढोरांचें काय झालें आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत किती चुली विझल्या, हें कोणत्याही खलित्यांत आलें नाहीं. यादी नाहीं म्हणजे मृत्यु नाहीं, असें नव्हे.

४

पानिपतची बातमी पेशव्यांस कळविणारें सावकारी सांकेतिक पत्र ग्रांट डफनें १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत दिलें, तें सर्वांस ठाऊक आहे. त्यांत दोघे मुख्य पुरुष मोत्यांच्या, व सत्तावीस सरदार मोहरांच्या रूपानें सांगितले आहेत, आणि चांदी-तांब्याचा खुर्दा गणतीबाहेर ठेवला आहे. सावकाराची लेखणी प्रामाणिक होती. जें मोजलें नव्हतें तें त्यानें मोजलें नाहीं असें लिहिलें, खोटा लाख लिहिला नाहीं. पण त्या खुर्द्यांत सामान्य शिपाई, खिजमतगार, बुणगे हे सारे गेले.

हा प्रकार जुन्या काळाबरोबर संपला असें समजूं नये. कूत येथें २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० शिपाई व नोकर तुर्कांच्या हातीं पडले. त्या शिबंदींत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्या दिवशींच्या हिशेबांत ते सर्व कैदी होते. कैदेंत पुष्कळ मेले. ते कोणत्याही लढाईच्या यादींत बसत नाहींत. मेसोपोटेमियांत मेलेल्या व ज्यांस ज्ञात थडगें नाहीं अशांचें स्मारक बसरा येथें १९२९ सालीं उघडलें. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं. हिंदी अधिकाऱ्यांचींही कोरलीं. पण सुमारें ३३,००० सामान्य हिंदी शिपायांची त्या वेळीं केवळ पलटणवार संख्या कोरण्यांत आली. हीं स्मारकें राखणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या २०२१ सालच्या अहवालानें ही विषमता उघड मान्य केली. पानिपतच्या पत्रांत खुर्दा मोजला नाहीं. बसऱ्यास तो मोजला पण ओळखला नाहीं. दिल्लीच्या इंडिया गेटविषयीं नेमका उलटा गैरसमज आहे. त्यावरील सुमारें तेरा हजार नांवें हेच पहिल्या महायुद्धांतील सारे हिंदी मृत, असें पुष्कळांस वाटतें. त्या युद्धांतील हिंदी मृतांची प्रचलित संख्या ७४,००० च्या आसपास आहे. नांवें मोजून मृत्यु कळत नाहींत आणि मृत्यु मोजून नांवें कळत नाहींत. दोन्ही कामें निरनिराळीं करावीं लागतात.

५

आमच्या संग्राहक मित्रांस सांगावयाचें तें येथेंच येतें. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या भागांतील जुन्या घरांतून रुमाल बाहेर पडतात, तेव्हां थोरांच्या शिक्क्याचें पत्र हातोहात उचललें जातें व शिपायांच्या हजिरीचे, चेहऱ्यांचे, घोड्यांच्या गणतीचे व बालपरवेशीचे तुकडे रद्दींत जातात. हीं शेवटचीं कागदपत्रें म्हणजेच खुर्द्याची गणती होय. बालपरवेशी म्हणजे कामास आलेल्याच्या मुलांस लावून दिलेली नेमणूक. त्या कागदांत मृताचें नांव, बहुधा त्याचें पथक व त्याच्या मागें राहिलेल्या मुलांचा उल्लेख असतो. लक्षाच्या बखरीपेक्षां असे दहा तुकडे अधिक मोलाचे.

अर्थात् त्यांसही चार प्रश्न सुटले नाहींत. पथक्याचा पगार हजिरीवर ठरे. म्हणून मेलेला किंवा पळालेला स्वार कागदावर कांहीं महिने जिवंत राहण्याचा संभव असतो, आणि ही लबाडी पकडण्याकरितांच घोड्यांस डाग देण्याची व फिरून गणती घेण्याची वहिवाट पडली. उलटपक्षीं नेमणुकीच्या अर्जांत तापानें मेलेलाही “सरकारकामावर खर्च झाला” असा येऊं शकतो. हजिरी मृत्यु लपविते, अर्ज तो वाढवितो. दोन्ही एकमेकांशीं ताडून पाहिले म्हणजे कांहीं हातीं लागतें. एकट्यावर विसंबूं नये.

इंग्रजी अमदानींतील कागदांसही हेंच लागू. १८५९ सालीं रिसोडजवळ चिचांबा येथें हैदराबाद कंटिंजंटची रोहिल्यांशीं चकमक झाली, तींत कॅप्टन मॅकिनन पडला, असें गॅझेटिअरांतून येतें. मोती टिपलें गेलें. खुर्द्याचा शोध गांवांतच घ्यावयास हवा. महाराष्ट्रांत कित्येक गांवीं १९१४ ते १९१९ च्या युद्धास किती माणसें गेलीं व त्यांतील किती परत आलीं नाहींत हें सांगणाऱ्या शिळा भिंतींत बसविलेल्या आहेत. त्यांवर बहुधा दोन अंक असतात, नांवें नसतात. जेथें अशी शिळा असेल तेथील संग्राहकानें तिचा ठसा तर घ्यावाच, पण त्याबरोबर गांवांतील घरांघरांतून पेन्शनचे कागद, बिल्ले व टपालानें आलेलीं पत्रें पाहून त्या दोन अंकांमागील नांवें लिहून काढावीं. युद्धास शंभर वर्षें लोटलीं. सांगणारे आतां नातवंडेंपणतवंडें आहेत, व पुढील पिढीस हें विचारण्यास कोणी उरणार नाहीं.

छापतांना तीन नियम पाळले तरी पुष्कळ साधेल. मूळांतील आंकडा मूळांतील शब्दासह द्यावा. “जायाजखमी” चें “ठार” करूं नये. आंकड्यापुढें मोजणाऱ्याचें नांव, पक्ष व दिवस द्यावा. हे कळत नसल्यास रकाना रिकामा ठेवावा. आणि दोन निरनिराळ्या जातींच्या आंकड्यांची बेरीज कधींही करूं नये. हेच नियम सकाळच्या वर्तमानपत्रांतील युद्धवार्ता वाचतांनाही उपयोगी पडतात. कारण आजही प्रत्येक पक्ष आपले मोजतो आणि शत्रूचे अजमासतो, व दोन्ही आंकडे एकाच ओळींत येतात.

पानिपतच्या सावकारानें खुर्द्याची गणती सोडून दिली, तेव्हां त्याला वेळ नव्हता. आपणांस ती सबब नाहीं.